जीव्हजला पगार किती?

नौपाडा, ठाणे
४ मे

प्रिय सुमे,

तू चेल्टनहॅमला सुखरूप पोचलीस, नातू पहिल्याच रात्री तुझ्या कुशीत झोपला, आणि तिथे मे महिन्यातही स्वेटर लागतो, हे सगळं वाचलं. इथे घामाच्या धारा लागल्यात. दुपारी गोखले रोडवर पाऊल टाकवत नाही. आज लिहायला बसले ते मात्र तुझ्या गावाच्या नावामुळे. तुझा निरोप मी दादाला मोठ्यानं वाचून दाखवला आणि चेल्टनहॅम म्हटल्याबरोबर तो खुर्चीत ताठ झाला. डाव्या कानानं त्याला आता ऐकू येत नाही, पण एवढा शब्द त्यानं नेमका पकडला. म्हणाला, "सुमीला म्हणावं, कॉलेजचं मैदान बघून ये." कुठलं मैदान, कशाला, ते सांगते. पण त्याच्या आधीचं बरंच सांगितल्याशिवाय ते तुला कळायचं नाही. चहा घेऊन बस.

दादा डिसेंबरात न्हाणीघरात पडला हे तुला माहीत आहे. खुब्याचं ऑपरेशन झालं, वॉकर आला. वहिनी गेल्यापासून विष्णूनगरच्या घरात तो एकटा, मुलगा बंगळुरूला, मी दोन गल्ल्या पलीकडे. शेवटी ब्युरोतून एक मुलगा ठेवला, सकाळी आठ ते रात्री आठ. नाव प्रवीण, वय बावीस, मूळचा मोखाड्याचा. दादाला उठवणं, अंघोळ, गोळ्या, वॉकर धरून गॅलरीपर्यंतच्या फेऱ्या, सगळं तो करतो. मुक्त विद्यापीठातून बी. ए. चालू आहे आणि पोलीस भरतीसाठी पहाटे धावतो. दादाला 'आजोबा' म्हणतो आणि मला 'मावशी'. हे दोन शब्द लक्षात ठेव, पुढे त्यांचं काम आहे.

दादाची वुडहाऊसची ती नारिंगी पेंग्विन पुस्तकं तुला आठवत असतील. १९६५-६६ साली नोकरीला लागल्यावर फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवरून एकेक करून आणलेली, ठाण्याच्या लोकलमध्ये उभ्यानं वाचलेली. कॉलेजात मी तुला त्यातलं एक दिलं होतं आणि तू चार दिवसांत परत आणून दिलंस. म्हणालीस, "सगळ्या गोष्टी सारख्याच. एक बिनकामाचा श्रीमंत मुलगा, तो लग्नाच्या भानगडीत अडकतो आणि नोकर त्याला सोडवतो." त्यावर आपण दोघी भांडलो होतो. मी तेव्हा फक्त हसण्यासाठी वाचत होते, म्हणून मला नीट उत्तर देता आलं नाही. या चार महिन्यांत ते थोडंथोडं सापडतंय, आणि ते सापडवून दिलं प्रवीणनं.

झालं असं, की जानेवारीत दादाला झोप लागेना. संध्याकाळी सहाच्या चहानंतर तो फार उदास व्हायचा. एक दिवस त्यानं प्रवीणला कपाटाच्या वरच्या फळीवरून ती पुस्तकं काढायला लावली, धूळ झटकायला लावली आणि म्हणाला, "बस, तुला एक गोष्ट सांगतो." पुस्तक इंग्रजी, सांगणं मराठी. एक वाक्य डोळ्यांनी वाचायचं आणि दुसऱ्या क्षणी ते मराठीत बोलायचं. मी कपबशा विसळत होते ती तशीच हात पुसत येऊन बसले.

दादानं सुरुवातीची गोष्ट घेतली, १९१६ सालची, जीव्हज बर्टी वूस्टरकडे कामाला येतो ती. आधीचा नोकर मोजे चोरायचा म्हणून बर्टीनं त्याला काढलेलं असतं. रात्रीच्या पिण्यानं बर्टीचं डोकं दुखतंय, दारावरची घंटा वाजते, दारात हा काळ्या कपड्यातला गंभीर माणूस. कामगार पुरवणाऱ्या कचेरीनं पाठवलेला. तो काही विचारत नाही, सरळ आत जातो आणि कच्चं अंडं, लाल मिरपूड आणि वूस्टर सॉस घालून एक पेय करून आणतो. बर्टी ते घेतो, क्षणभर वाटतं की आता प्राण जाणार, आणि मग सूर्य उगवतो. माणूस तिथल्या तिथे नोकरीवर ठेवला जातो. इथे प्रवीण एकदम म्हणाला, "म्हणजे तो पण ब्युरोचा!"

सुमे, मी ही गोष्ट पन्नास वर्षांत किती वेळा वाचली असेल, पण मला हे कधी दिसलं नव्हतं. कचेरी वाचायची आणि पुढे जायची.

मराठीत सांगताना दादाची जी ओढाताण होते ती बघण्यासारखी असते. पहिली अडचण 'तू' की 'तुम्ही'. इंग्रजीत एक 'यू' म्हटलं की सुटलं. मराठीत बर्टी जीव्हजला काय म्हणणार? आपल्याकडे घरच्या गड्याला 'तू'. दादानं तसंच सुरू केलं, "जीव्हज, जरा चहा आण रे." दोन पानांत बर्टी उर्मट वाटायला लागला, आणि तो तर लोण्याच्या मनाचा मुलगा. मग 'तुम्ही' करून बघितलं, तर दोघं एखाद्या बँकेत शेजारशेजारच्या काउंटरवर बसल्यासारखे वाटायला लागले. शेवटी दादानं तोड काढली. सकाळी सगळं ठीक असताना बर्टी 'तू' म्हणतो, आणि संकटात सापडला की आपोआप 'तुम्ही' वर येतो. "जीव्हज, आता तुम्हीच बघा काय ते." वुडहाऊसला मराठी येत असतं तर त्यानं हेच केलं असतं, असं मला मनापासून वाटतं.

दुसरी अडचण आत्यांची. साहेबाच्या भाषेत मामी, काकू, आत्या, मावशी सगळ्यांना एकच शब्द. बर्टीच्या गोष्टी तर त्या बायकांवरच उभ्या आहेत. अगाथा आणि डाहलिया दोघी त्याच्या वडिलांच्या बहिणी, म्हणजे आत्या. आपल्याकडे आत्या म्हटली की थोडा दरारा येतो. अगाथाला तो शोभतो. पण डाहलियाचं काय? ती बर्टीला शिव्या देते, त्याच्याकडून चांदीचं दुधाचं भांडं चोरवून आणायला बघते, आणि तरी तिचा त्याच्यावर जीव आहे. स्वभावानं ती मावशी. 'माय मरो पण मावशी जगो' असं आपण जिच्याबद्दल म्हणतो तशी. दादा नात्याच्या बाबतीत फार काटेकोर, म्हणून तो डाहलिया आत्याच म्हणत राहिला, पण तिचं बोलणं मात्र मावशीच्या सुरात करायचा. मला तेव्हा अत्र्यांची आठवण झाली. 'चार्लीज आंट' हे नाटक मराठीत आणताना त्यांनी त्यातल्या आंटची मावशी केली, 'मोरूची मावशी'. मोरूची आत्या म्हणून बघ बरं, अर्धी गंमत जाते.

आणि तिसरी अडचण 'सर'. जीव्हज प्रत्येक वाक्याच्या शेवटी तो शब्द लावतो. कधी त्याचा अर्थ 'हो', कधी 'मुळीच नाही', कधी 'तो टाय घालून तुम्ही बाहेर पडलात तर मला फार वाईट वाटेल'. दादानं 'साहेब' घेतलं. प्रवीणला ते लगेच पटलं. त्याचं कारण त्यानं महिन्याभरानं सांगितलं.

चौथ्या-पाचव्या संध्याकाळी त्यानं विचारलं, "आजोबा, या जीव्हजला पगार किती?"

दादा थांबला. त्यानं मागची पानं चाळली. म्हणाला, उद्या सांगतो. दोन दिवस तो भिंग घेऊन पुस्तकांत शोधत होता. जीव्हजनं कुणाची अडचण सोडवली की तो माणूस खुश होऊन नोट काढून देतो, असे प्रसंग भरपूर सापडले. कपड्यांवरून झालेले तंटे सापडले. महिन्याचा आकडा मात्र दादाला त्या फळीवरच्या पुस्तकांत मिळाला नाही. दादानं तसं कबूल केलं. प्रवीण म्हणाला, "लिहिणारा साहेबाच्या बाजूचा असणार." आणि मग स्वतःच म्हणाला, "पण तसा नाही वाटत. सगळी अक्कल त्यानं याला दिलीय."

त्या पहिल्या गोष्टीचा शेवट तुला आठवतो का? फ्लॉरेन्स नावाच्या एका करारी मुलीशी बर्टीचं लग्न ठरलेलं असतं. ती त्याला सुधारायला निघालीय, नीतिशास्त्राचे जाडजूड ग्रंथ वाचायला देतेय. बर्टीच्या काकांनी आठवणी लिहिल्यात, त्यात तिच्या वडिलांच्या तरुणपणची प्रकरणं आहेत, आणि ते हस्तलिखित छापखान्यात जाऊ नये म्हणून ती बर्टीला ते चोरायला लावते. जीव्हज ते गुपचूप प्रकाशकाकडे पाठवून देतो. लग्न मोडतं. बर्टी चिडून त्याला काढून टाकतो, मग फ्लॉरेन्सनं दिलेलं पुस्तक उघडतो, एक उतारा वाचतो आणि जीव्हजला परत ठेवतो. मी आयुष्यभर समजत आले की नोकरानं मालकाला वाचवलं. प्रवीण म्हणाला, "बाई घरात आल्या असत्या तर याला पहिल्या महिन्यात काढला असता. तो स्वतःची नोकरी सांभाळतोय."

खरं आहे गं! एकच गोष्ट अशी आहे की ती बर्टी सांगत नाही, जीव्हज सांगतो. तीत बर्टीला एकटेपणाचा कंटाळा येतो, तो मोठं घर घेऊन बहिणीला आणि तिच्या तीन मुलींना आणायचं म्हणतो. जीव्हजला ते नकोय. तो काय करतो, तर बर्टीला मुलींच्या शाळेत भाषण करायला उभं करतो. त्या खिदळणाऱ्या मुलींपुढे बर्टीची अशी काही गत होते की मुलं, घर, संसार सगळं तो कायमचं विसरतो. मालकाचं भलं आणि नोकराची सोय या दोन दोऱ्या वुडहाऊसनं इतक्या घट्ट वळल्यात की वाचताना एकच दोरी दिसते. ज्यानं दुसऱ्याच्या घरात काम केलंय त्याला दोन दिसतात.

हे डोक्यात घोळत असताना मी मराठी ग्रंथसंग्रहालयातून चिं. वि. जोशींची पुस्तकं आणली. आपल्या ठाण्याचं हे ग्रंथालय १८९३ सालचं, 'महाराष्ट्र सारस्वत'कार वि. ल. भाव्यांनी उभं केलेलं. तिथे चिं. वि. मिळणार नाहीत तर कुठे मिळणार? मला बघायचं होतं की आपल्याकडचा बर्टी आणि आपल्याकडचा जीव्हज कोण. बर्टी तर समोरच आहे, चिमणराव. बर्टीसारखाच तो आपली फजिती आपल्याच तोंडानं सांगतो, आणि सांगताना त्याला कळत नाही की आपण काय काय उघडं करतोय. १९३३च्या 'चिमणरावांचे चऱ्हाट'मध्ये ते पानोपानी आहे. पण त्याच्या शेजारी उभा आहे तो गुंड्याभाऊ. आपण दोघींनी १९७७च्या सुमाराला तुमच्या चाळीतल्या त्या एकुलत्या टीव्हीवर, चौदा माणसांच्या मागे उभं राहून, दिलीप प्रभावळकरांचा चिमणराव आणि बाळ कर्व्यांचा गुंड्याभाऊ बघितलाय. मिशा, सोटा, ते रेटून बोलणं. माझ्या वडिलांच्या पिढीनं मास्टर विनायकांच्या 'लग्न पहावे करून'मध्ये १९४० साली दामूअण्णा मालवणकर आणि विष्णुपंत जोग यांची जोडी बघितली होती.

गुंड्याभाऊ हुशार नाही. तो धाडसी आहे, सरळ आहे, अंगानं दणकट आहे. मुख्य म्हणजे तो नोकर नाही, नात्यातला भाऊ आहे. त्याला पगार नाही. त्याला कुणी काढू शकत नाही, आणि तोही राजीनामा देऊ शकत नाही. आपल्या मध्यमवर्गीय घरात मदतीला धावणारा माणूस असाच असायचा: कुणाचा तरी मामा, गावाकडून शिकायला येऊन राहिलेला पुतण्या, विधवा आत्या. काम सगळं करायचं, हिशेब कशाचाच नाही. चिं. विं.नी जे बघितलं तेच लिहिलं, म्हणून ते अजून ताजं आहे.

नोकर म्हणून कुणी नाहीच असं नाही. देवलांच्या 'संशयकल्लोळ'मध्ये फाल्गुनरावाचा भादव्या आहे. ते नाटक गंधर्व मंडळीनं संगीताच्या रूपात रंगमंचावर आणलं १९१६ साली, म्हणजे जीव्हज बर्टीच्या दारात उभा राहिला त्याच वर्षी. मुळात ती गोष्ट फ्रान्सच्या मोलिएरची, इंग्रजीवरून आपल्याकडे आलेली. मला भादव्या फार आवडतो, पण नाटक त्याच्या हातात नाही. आणि एक तळीराम आहे. तलावपाळीवर गडकरी रंगायतनसमोरून जाताना मला हल्ली तो आठवतो. 'एकच प्याला'तला सुधाकर वकील, तळीराम त्याचा कारकून. सुधाकराची सनद रद्द होते, मन कासावीस होतं, आणि पहिला प्याला पुढे करतो तो तळीराम. जीव्हज येतो तो प्याल्याचा त्रास घालवणारं औषध घेऊन. कामावरच्या माणसाला मालकाच्या मनाची दुखरी जागा माहीत असते. तिथे तो काय ठेवतो, यावर हसायचं की रडायचं ते ठरतं. गडकऱ्यांनी ते १९१९च्या आधी किती खोल ओळखलं होतं! या नाटकाचा पहिला प्रयोग व्हायच्या आधीच ते गेले, हे आठवलं की मला अजून चुटपूट लागते.

पण सगळ्यात मोठा शोध वेगळाच लागला. चिं. वि. बडोद्याला पाली शिकवायचे, जातकांतल्या निवडक गोष्टी त्यांनी मराठीत आणल्या. म्हणून मी जातकं काढली आणि महाउम्मग्ग जातक पुन्हा वाचलं. मिथिलेचा राजा वेदेह आणि त्याचा पंडित महौषध. सुमे, हे बर्टी आणि जीव्हज आहेत! राजा भाबडा, हट्टी, कुणाच्याही बोलण्याला भुलणारा. पांचालच्या राजानं आपल्या मुलीचं आमिष दाखवून त्याला बोलावलं. महौषध म्हणाला, जाऊ नका, हा सापळा आहे. राजा त्याच्यावर भडकला. महौषध एक शब्द न बोलता पुढे गेला, राजाच्या मुक्कामासाठी नगर बांधलं आणि जमिनीखालून भुयार खणून ठेवलं. शत्रूचा वेढा पडल्यावर राजाची बोबडी वळली, तेव्हा हा शांतपणे म्हणाला, चला, वाट तयार आहे. नवरीसकट बाहेर काढला त्याला. उम्मग्ग म्हणजे ते भुयारच.

त्याच जातकात त्याआधीचा एक प्रसंग आहे, तो मी प्रवीणला दोनदा सांगितला. दरबारातले चार म्हातारे पंडित राजाचे कान भरतात, राजा महौषधावर उलटतो. महौषध निघून जातो. कुणाला न सांगता, एका गावात कुंभाराकडे कामाला राहतो. इकडे राजाच्या छत्रातली देवता प्रश्न विचारते, चारही पंडितांना उत्तर येत नाही, राजाची झोप उडते. चारी दिशांना माणसं धावतात. शोधणाऱ्याला महौषध दिसतो तो अंगभर चिखल, गवताच्या पेंढीवर बसून भात खाताना. राजा त्याला मानानं परत आणतो.

जीव्हजही असाच जातो. बर्टी बँजोसारखं एक वाद्य घेऊन दिवसरात्र टणटणत बसतो. जीव्हज सांगतो, हे चालू राहिलं तर मला नोकरी सोडावी लागेल, आणि सोडतो. १९३४ची ती कादंबरी. त्याच्या जागी आलेला माणूस दारू पिऊन सुरी घेऊन बर्टीच्या मागे लागतो, झोपडी जळून जाते, आणि त्या आगीत वाद्यही जातं, तेव्हा जीव्हज परत येतो. बर्टीकडे येण्याच्या आधी त्यानं एका लॉर्डाची चाकरी सोडली होती, कारण लॉर्डसाहेब जेवायला विजार एका तऱ्हेची आणि कोट दुसऱ्या तऱ्हेचा घालून बसायचे.

तर तुझ्या त्या भांडणाला माझं उत्तर असं आहे. गोष्टी सारख्या असतील, पण त्या चालतात एका गोष्टीवर: जीव्हजला जाता येतं. तो रोज सकाळी चहाचा ट्रे घेऊन येतो तेव्हा त्यानं राहायचं ठरवलेलं असतं. 'साहेब' या शब्दानं दोघांमध्ये एक उंबरठा ठेवलाय. त्या उंबरठ्याच्या अलीकडे राहून तो नाही म्हणू शकतो, रजा मागू शकतो, उन्हाळ्यात मासे धरायला जाऊ शकतो. सेवक चाफाजी टिळेकरानं शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्याच्या अंगावर पडून स्वतःचा जीव दिला, १७७३ साली. ती निष्ठा ऐकून माझ्या अंगावर आजही काटा येतो, पण त्यातून हसू येणार नाही. माणसाला दार उघडं असेल तरच त्याच्या राहण्यात गंमत आहे.

आता प्रवीणनं 'साहेब' शब्दाबद्दल काय सांगितलं ते ऐक. मार्चमध्ये एकदा मी त्याला म्हटलं, तू रविवारी का येतोस रे, आठवड्याची सुट्टी घेत जा. तो म्हणाला, "मावशी, तीन महिने झाले मी ते बोलायचं म्हणतोय. साहेब असते तर मागितली असती. आजोबांकडे कशी मागणार?"

मी तिथेच जिन्यात उभी राहिले. 'आजोबा' म्हणतो म्हणून आम्ही सगळे किती सुखावलो होतो! घरच्यासारखा आहे, असं मी बिल्डिंगमध्ये दहा जणींना सांगितलं होतं. आणि त्या शब्दामुळेच त्याला पगाराचं, सुट्टीचं, बसून जेवण्याच्या वेळेचं बोलणं जड जात होतं. नातं द्यायला आपल्याला काही पडत नाही, रविवार द्यायला पडतो. त्याच आठवड्यात मी भाच्याला बंगळुरूला फोन केला, रविवार मोकळा केला, ब्युरो कापून घेते ती रक्कम आम्ही वरून भरायची ठरवली. हे मला आधी सुचायला हवं होतं. आता रविवारी मी दादाकडे असते. मला दादाची अंघोळ जमत नाही, तेवढी सोसायटीतला एक मुलगा येऊन घालतो.

आणि परवा, १ तारखेला, प्रवीणचं नाव निवड यादीत आलं. पोलीस भरती झाली त्याची, जूनमध्ये प्रशिक्षणाला जायचंय. तो आधी मलाच म्हणाला, "मावशी, तुम्ही सांगा ना आजोबांना." मी म्हटलं, नाही, तूच सांग, हे तुझं आहे. दादा गॅलरीत बसला होता. प्रवीण त्याच्या उजव्या कानाच्या बाजूला जाऊन खाली बसला आणि सावकाश सगळं सांगितलं. दादा बराच वेळ रस्त्याकडे बघत राहिला. मग त्यानं विचारलं, "जीव्हज परत येतो. तू येशील?"

"भेटायला येईन, आजोबा. कामाला नाही."

दादानं त्याच्या डोक्यावर हात ठेवला. संध्याकाळी मला लेटरहेड शोधायला लावलं, त्याच्या कंपनीतल्या दिवसांचं, त्यावरची ओळ खोडून स्वतःच्या हातानं प्रवीणसाठी दाखला लिहिला. चार वेळा लिहिला, कारण हात कापतो. भाच्याला सांगून एका महिन्याचा पगार वर द्यायला लावला. आणि त्या संध्याकाळीसुद्धा गोष्ट झालीच. अर्धी राहिली होती ती.

आता मैदान. प्रवीणनं एकदा विचारलं होतं, जीव्हज नावाचा कुणी खरा माणूस होता का. होता. पर्सी जीव्हज, वॉर्विकशायरचा क्रिकेटपटू, मध्यमगती गोलंदाज. १९१३ साली चेल्टनहॅमला, कॉलेजच्या मैदानावर, ग्लॉस्टरशायरविरुद्धच्या सामन्यात वुडहाऊसनं त्याला खेळताना बघितलं. पुढे गोष्टीतल्या नोकराला नाव हवं होतं तेव्हा तेच आठवलं, असं वुडहाऊसनं स्वतः नंतर एका पत्रात सांगितलंय. तो मुलगा पहिल्या महायुद्धात भरती झाला आणि जुलै १९१६ मध्ये सोमच्या लढाईत मारला गेला. २८ वर्षांचा होता. त्याचं शव मिळालं नाही. बर्टीच्या दारात तो ब्युरोवाला जीव्हज उभा राहिला ती गोष्ट छापून आली त्याच वर्षी नोव्हेंबरात. हे ऐकल्यावर प्रवीण काही बोलला नाही. थोड्या वेळानं म्हणाला, "त्याचं मैदान अजून आहे?"

आहे, हे दादाला माहीत होतं. तू तिथेच आहेस, हे आता कळलं. तेव्हा सुमे, लेकीला वेळ असेल त्या दिवशी तिच्याबरोबर जा आणि एक फोटो काढून पाठव. जवळून नको, लांबून, पूर्ण मैदान दिसेल असा. मी इथे गोखले रोडवर तो मोठा छापून घेईन. दादाला मागच्या बाजूला स्वतः काहीतरी लिहायचंय, त्याला दोन-तीन दिवस लागतील. प्रवीणचा शेवटचा दिवस ३१ तारीख. म्हणून २५च्या आत मिळाला तर फार बरं होईल.

नातवाला पापा. गुडघ्याला तेल लावत जा.

तुझी,
कुंदा